तालुक्याला राहून आपल्या क्षेत्रातली माणसं कशी जोडायची?

वाचकाचं पत्र

‘नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी चार वर्षांपासून काम करते. कागदावर पद आहे कार्यालयीन सहायक. प्रत्यक्षात सभासदांना निरोप धाडणं, पेपरला बातमी देणं, व्यापाऱ्यांचे मेल, वार्षिक अहवाल, फेसबुकचं पान, सभेचं सूत्रसंचालन हे सगळं माझ्याकडे आहे. या कामाला बिझनेस कम्युनिकेशन म्हणतात आणि त्यात लोक करिअर करतात, हे मला मागच्या वर्षी कळलं. इथे हे काम करणारं दुसरं कुणी नाही. नागपूरला कार्यक्रम होतात, पण त्यात पूर्ण दिवस जातो आणि तिथे गेल्यावर कुणाशी काय बोलावं ते सुचत नाही. इंग्रजी बेताचं आहे. 40 हजार रुपयांचा एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स पाहिला आहे, तो करू का? मी लिहिलेला सोयाबीन खरेदीचा निरोप सोबत जोडते.’

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी पैशाचं बोलू. 40 हजारांचा कोर्स आत्ता घेऊ नका. तुमच्या गाठीला चार वर्षांचं काम आहे, पण परक्या माणसापुढे पाच मिनिटांत मांडता येईल अशा रूपात त्यातलं काहीच नाही, असं पत्रावरून दिसतं. ती उणीव कोर्सने भरून निघत नाही. आणि ती राहिली तर नागपुरात कितीही कार्डं वाटली तरी समोरच्याच्या लक्षात तुम्ही राहणार नाही. म्हणून क्रम असा धरा: आधी कामाची नोंद, मग जिल्ह्यातली माणसं, मग बाहेरची. कोर्स सगळ्यात शेवटी.

सुरुवात तुमच्या निरोपापासूनच करू. तुम्ही लिहिलं आहे: ‘सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, कंपनीमार्फत सोयाबीन खरेदी प्रक्रिया लवकरच सुरू होत असून इच्छुक सभासदांनी आवश्यक कागदपत्रांसह कार्यालयाशी संपर्क साधावा.’

व्याकरणात चूक नाही, पण हे वाचून कास्तकाराला पुढचं पाऊल टाकता येत नाही. लवकरच म्हणजे कोणत्या वारी? कागदपत्रं कोणती? प्रत्येक अडलेल्या प्रश्नासाठी तो फोन करतो, ‘मॅडम, गाडी कधी आणाची जी?’, आणि तुमची अर्धी सकाळ त्यातच जाते. शिवाय ओलाव्याचा उल्लेखच नाही. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला साधारणपणे 12 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. 2024 च्या हंगामात केंद्राने ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती, म्हणजे दरवर्षीचं परिपत्रक पाहूनच आकडा लिहायचा. काढणीला पाऊस लागलेला माल तपासणीत बसला नाही की गाडी माघारी जाते, भाडं कास्तकाराच्या अंगावर पडतं आणि राग कंपनीवर निघतो. तोच निरोप असा लिहून पाहा:

‘सोयाबीन खरेदी सोमवारपासून, सकाळी 9 ते 4, कंपनीच्या गोदामावर. ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालेल, जास्त असेल तर माल घेता येणार नाही. गाडी भरण्याआधी किलोभर नमुना आणून तपासून घ्या, तपासणी फुकट. सोबत आणा: यंदाचा पीकपेरा नोंदलेला सातबारा, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स. कोणत्या गावाचा कोणता दिवस ते खाली दिलं आहे, त्याच दिवशी या. काही विचारायचं असेल तर दुपारी 2 ते 4 फोन करा.’

वार आणि वेळ अगदी सुरुवातीला घेण्याचं कारण साधं आहे. मोबाईलच्या पडद्यावर न उघडता तेवढीच ओळ दिसते, आणि पुष्कळ जण तेवढीच पाहतात. हाच मजकूर 40 सेकंदांत बोलून आवाजातही पाठवा, कारण वयस्क सभासद वाचण्यापेक्षा ऐकतात. पाठवण्याच्या साधनातही एक खोच आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 पर्यंत माणसं घेता येतात, पण ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच तो संदेश पोचतो. कंपनीचा नंबर सभासदाच्या फोनमध्ये सेव्ह आहे का, हे शेअर सर्टिफिकेट देतानाच तपासून घ्या. ग्रुप केला तर ‘फक्त ॲडमिन पाठवू शकतील’ ही सेटिंग चालू ठेवा, नाहीतर दोन दिवसांत खरेदीची तारीख शुभ सकाळखाली गाडली जाते. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी ग्रामपंचायतीचा फलक आणि कोतवालाची दवंडी आजही कामाची आहे.

आता नोंदीकडे वळू. खरेदीच्या पहिल्या आठवड्यात वहीत रोज तीन आकडे टिपा: निरोपातच उत्तर होतं तरी त्याच प्रश्नासाठी आलेले फोन, ओलाव्यामुळे माघारी गेलेल्या गाड्या, आणि कागद अपुरा म्हणून परत पाठवलेले सभासद. गेल्या हंगामाचे आकडे नसतील तर गोदामावरच्या माणसाला अंदाज विचारा आणि नोंदीत तो ‘अंदाज’ म्हणूनच लिहा. हंगाम संपला की एका कामाचं एक पान तयार करा. गरज काय होती, निरोप कुणासाठी होता, आकड्यात काय साधायचं ठरवलं, काय केलं, वेळ-पैसा किती लागला, आणि शेवटी काय झालं. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स ही 1970 पासूनची जागतिक संघटना आपल्या गोल्ड क्विल पुरस्कारासाठी कामाची मांडणी साधारण याच क्रमाने मागते. यवतमाळच्या सोयाबीनचं काम या क्रमाने लिहिलं तर मुंबईच्या माणसालाही ते समजावून सांगावं लागत नाही.

अशी तीनच पानं पुरेत. पहिलं हे खरेदीचं. दुसरं वार्षिक सभेचं, आणि त्याकडे जरा गांभीर्याने पाहा. उत्पादक कंपनीच्या सभेची लेखी सूचना किमान 14 दिवस आधी द्यावी लागते आणि गणपूर्तीला एकूण सभासदांच्या एक-चतुर्थांश हजेरी लागते. सभासद 400 असतील तर 100 माणसं खुर्चीत बसलेली हवीत, आणि नियमावलीत आकडा याहून मोठा असेल तर तो धरायचा. सप्टेंबरात, पोळा-गणपतीच्या धामधुमीत आणि फवारणीच्या दिवसांत 100 माणसं जमवणं हे निव्वळ संवादाचं काम आहे. कोणत्या गावातून किती आले, कोणत्या साधनाने कळलं, बैठकीची वेळ आठवडी बाजारावर आदळली का, हे सगळं त्या पानात यायला हवं. तिसरं पान फवारणीच्या सुरक्षेचं करा. 2017 च्या खरिपात तुमच्याच जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने कास्तकार आणि फवारणी करणारे मजूर दगावले. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो, लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा, हिरवा. एवढी एक गोष्ट जुलैच्या आत प्रत्येक सभासदाच्या घरी, आणि मजुरीने फवारणाऱ्यापर्यंत, पोचवली तरी ते काम कोणत्याही मोठ्या कंपनीच्या मोहिमेइतकं तोलाचं आहे. इथे निरोप सभासदाला जातो आणि पंप मजुराच्या पाठीवर असतो, म्हणून नुसता ग्रुपवरचा संदेश पुरत नाही. सकाळी मजूर जिथे जमतात तिथे चित्राचा कागद लावावा लागतो.

या तीन पानांची फाईल बाहेर दाखवण्याआधी एक काळजी घ्या. सभासदांचे फोन नंबर, आधारची छायाचित्रं, बँकेचे तपशील आणि खरेदीदारांना दिलेले दर तिच्यात राहता कामा नयेत. कास्तकाराचा फोटो वापरायचा तर त्याची संमती लेखी घ्या, दोन ओळी आणि सही पुरते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळेही ही शिस्त आता टाळता येण्यासारखी नाही. पुष्कळ कंपन्यांत आधारचे फोटो सरळ ग्रुपवर मागवले जातात. तुमच्याकडे तसं होत असेल तर पहिल्यांदा ते थांबवा.

आता माणसं. हे काम करणारं इथे कुणी नाही, असं तुम्ही लिहिता. पण तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा माहिती कार्यालय आहे. शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचं ते कार्यालय, आणि तिथली माणसं रोज तुमचंच काम करतात: बातमी लिहिणं, फोटोओळी, पत्रकारांशी बोलणं. आकाशवाणीच्या यवतमाळ केंद्रावर शेतीचे कार्यक्रम करणारे आहेत. कृषी विज्ञान केंद्रात विस्ताराचा विषय पाहणारे तज्ज्ञ आहेत, ‘आत्मा’ या कृषी विस्ताराच्या सरकारी यंत्रणेच्या कार्यालयात शेतकरी प्रशिक्षण पाहणारे आहेत, उमेद अभियानात बचतगटांच्या यशकथा लिहिणारे आहेत, नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक आहेत. पाट्या वेगळ्या असल्या तरी ‘कास्तकारापर्यंत निरोप कसा पोचवायचा’ हा प्रश्न सगळ्यांचा सारखाच आहे.

त्यांना भेटताना ‘मला मार्गदर्शन करा’ असं म्हणू नका. त्याला समोरच्याकडे उत्तर नसतं, तो चहा पाजतो आणि विषय संपतो. पाच मिनिटांत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न न्या. मेसेज असा असू द्या: ‘नमस्कार सर, मी अमुक उत्पादक कंपनीत सभासद-संपर्काचं काम पाहते. फवारणी सुरक्षेचा एक कागद तयार केला आहे. मजुरांना चित्रं कळतात का एवढं पाहून सांगाल का? मी मंगळवारी यवतमाळला येते आहे, 10 मिनिटं मिळाली तर कागद घेऊन येईन.’ त्यांनी जे सुचवलं ते केलं, की महिन्याभरात परत कळवा: ‘तुम्ही सांगितला तो बदल केला, आता मजूर हातमोजे मागू लागले.’ हा दुसरा मेसेज बहुतेक जण पाठवतच नाहीत. ज्याचा पाठवला जातो त्याचा पुढचा फोन उचलला जातो, आणि ओळख खरी तिथेच पक्की होते.

याची वही ठेवा. नाव, कुठे भेटले, काय काम करतात, त्यांनी काय विचारलं, तुम्ही काय देते म्हणालात, आणि ते द्यायची तारीख. फोनमध्ये नंबर सेव्ह करताना नावापुढे काम आणि गाव लिहा, ‘डाळमिल अकोला’ असं. दोन वर्षांनी नुसत्या आडनावावरून माणूस आठवत नाही.

पेपरच्या तालुका प्रतिनिधींचं वेगळं सांगते, कारण तिथे छोट्या छोट्या गोष्टींनी काम बिघडतं. बातमी युनिकोडमध्ये टाईप करा आणि मजकूर मेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये थेट टाका. जुन्या फॉन्टमधली वर्डची फाईल समोरच्याकडे अगम्य चिन्हांत उघडते. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलताना काना-मात्रा तुटतात, मग तो बिचारा पुन्हा टाईप करत बसतो किंवा बातमी सोडून देतो. फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन छापायच्या लायकीचा राहत नाही. फोटोओळीत नावं डावीकडून उजवीकडे लिहा. मजकूर 150 ते 200 शब्दांत बसवा. पहिल्या वाक्यात किती कास्तकारांचा काय फायदा झाला ते येऊ द्या, अध्यक्ष-प्रमुख अतिथींची यादी शेवटच्या परिच्छेदात टाका. संचालकांना हे आवडणार नाही. त्यांना हळूच दाखवा की यादीने सुरू झालेली बातमी कापताना सगळ्यात आधी आकडाच जातो. वेळेचं म्हणाल तर दुपारी चारच्या आत पाठवा, तालुक्याची पानं लवकर लागतात. कधी बातमीच्या बदल्यात जाहिरातीची अपेक्षा पुढे येईल. जाहिरातीचं वर्षाचं बजेट संचालक मंडळाकडून ठरवून घ्या आणि ‘जाहिरातीचं काम अमुक साहेब पाहतात, मी बातमीचं पाहते’ असं नम्रपणे सांगा. दोन्ही गोष्टी एका हातात ठेवल्या तर संबंध बिघडतात.

यापेक्षाही तुम्हाला जास्त गरज आहे बरोबरीच्या माणसांची. आसपासच्या तालुक्यांतल्या पाच-सहा उत्पादक कंपन्या, महिला लोकसंचालित साधन केंद्र, पतसंस्था, जिनिंग, शाळा-कॉलेज इथे तुमच्यासारखंच कुणीतरी बिनपदाचं हे काम करतं आहे. त्यांना शोधा आणि महिन्यातून एकदा एक तास फोनवर एकत्र बसा. नियम एकच: प्रत्येकाने आपण लिहिलेलं एक काहीतरी आणायचं, निरोप, आमंत्रण, मेल, काहीही. बाकीच्यांनी वाचताना कुठे अडखळलो तेवढंच सांगायचं. चांगलं-वाईट ठरवत बसलं की लोक पुढच्या वेळी येत नाहीत. सहाच्या वर माणसं घेऊ नका, 40 जणांचा ग्रुप महिन्याभरात फॉरवर्डचा होतो. ऑक्टोबर ते जानेवारी सोयाबीन-कापसाची घाई असते, तेव्हा या बैठकांना सुट्टी द्या. फेब्रुवारी ते मे हेच शिकायचे महिने.

नागपूरचं आता सोपं होईल. ॲग्रोव्हिजनचं प्रदर्शन बहुतेक नोव्हेंबरात भरतं, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं प्रदर्शन डिसेंबरअखेरीस, पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास असतं. दोन्ही तुमच्या खरेदीच्या मोसमात येतात, म्हणून वर्षाला एकच धरा आणि पहिला दिवस टाळा, उद्घाटनाच्या गर्दीत बोलणं होत नाही. सकाळी दरवाजे उघडताच पोचा. दुपारी कास्तकारांच्या गाड्या येऊ लागल्या की स्टॉलवरच्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते. मालकाला गाठू नका, माहितीपत्रक वाटणाऱ्या माणसाशी बोला. प्रश्न तयार ठेवा: ‘तुमच्या शेतकऱ्यांना निरोप कसा देता? कोणता निरोप फसला?’ दुसऱ्या प्रश्नाला लोक मनापासून बोलतात. दिवसात तीन नीट बोलणी झाली की परत निघा आणि बसमध्येच तिघांना मेसेज करा, काय बोललो त्याची एक ओळ आणि जे द्यायचं कबूल केलं ते. दोन दिवस गेले की तुमचा चेहरा त्यांच्या ध्यानातून जातो. बोलायची भीती वाटते म्हणता, तर एवढं ध्यानात घ्या की प्रश्न विचारणाऱ्याला फार बोलावं लागत नाही.

संस्थांपैकी पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाचा नागपूर चाप्टर तुम्हाला सर्वांत जवळचा आहे. ही संस्था 1958 पासूनची आहे, 21 एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळते, आणि त्या सुमाराचे कार्यक्रम तुमच्या रिकाम्या मोसमात येतात. सदस्यत्व लगेच घेऊ नका, आधी एका कार्यक्रमाला बाहेरची म्हणून जाऊन पाहा. मुंबईची असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स ऑफ इंडिया कंपन्यांच्या गृहपत्रिका आणि प्रकाशनांना पुरस्कार देते. तुमचा वार्षिक अहवाल नीट झाला की तिथल्या प्रवेशिकेचे नियम मागवा. लिंक्डइनवर खातं उघडा, पदाच्या ओळीत ‘कार्यालयीन सहायक’ न लिहिता काय करता ते लिहा, आणि वर सांगितलेली तीन पानं एकेक करून टाका. एवढ्यावर वर्षभर भागेल.

इंग्रजीचं फार मनाला लावून घेऊ नका. व्यापाऱ्याला लागणारं इंग्रजी 20-25 वाक्यांचं असतं. मेलच्या विषयात माल, वजन आणि ठिकाण येऊ द्या: तूर, 20 टन, यवतमाळ, नमुना पाठवला. मजकुरात एका वाक्यात एकच गोष्ट. आलेल्या चांगल्या मेलमधली वाक्यं वहीत उतरवून ठेवा आणि तीच वापरा.

कोर्स करायचाच झाला तर स्वयम या सरकारी संकेतस्थळावर लेखन आणि संवादाचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, पैसे फक्त परीक्षेचे लागतात. पूर्ण वेळ शिकायची सोय झाली तर अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारिता शिकवतात. नोकरी सांभाळून शिकायचं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे पाहा. गोल्ड क्विल पुरस्कार देणाऱ्या त्या जागतिक संघटनेच्या प्रमाणपत्र परीक्षाही आहेत, पण त्यांना अनुभवाची अट मोठी आहे. आज जी फाईल बांधाल ती तेव्हा उपयोगी पडेल.

हे सगळं सुट्टी काढून, पदरचे पैसे घालून करू नका. खरेदीची धांदल ओसरली की मार्चच्या संचालक मंडळाच्या बैठकीत तुमचा विषय कार्यसूचीवर घ्यायला लावा. फाईलमधलं खरेदीचं पान सगळ्यांपुढे ठेवा आणि तीन गोष्टी मागा: पदाचं नाव ‘सभासद संपर्क व प्रसिद्धी समन्वयक’ असं करणं, वर्षातून दोन दिवस कामावर धरून प्रवासखर्चासह बाहेर जाणं, आणि नावं-दर काढून टाकलेलं काम बाहेर दाखवायची परवानगी. खर्चाचा आकडा बरोबर न्या. एसटीत महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तो संचालकांना जड वाटणार नाही. पगारवाढीचा विषय त्याच बैठकीत काढू नका, पद बदललं की पुढच्या वर्षी तो आपोआप निघतो. मंजूर झालं की तोंडी होकारावर थांबू नका. इतिवृत्तात आलं आहे का ते पाहा आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या.